पायथनमधलं कासव: लूप शिकवायला कसं आहे?

सांगलीत माझे घरगुती गणिताचे क्लास आहेत, सातवी ते दहावी. सेमी-इंग्रजीची मुलं जास्त. पालकांच्या आग्रहाखातर शनिवारी त्यातच कोडिंगचा एक तास घातला, आणि तो तास मी बहुतेक एकाच गोष्टीवर चालवते: पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत येणारं 'टर्टल', म्हणजे कासव. बाकीच्या क्लासवाल्या मैत्रिणी आणि काही पालक सारखं विचारतात, नेमकं काय वापरता, काय विकत घ्यावं. म्हणून हा रिव्ह्यू.

पहिलं म्हणजे विकत काही घेऊ नका. टर्टल फुकट आहे आणि पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार कोडच्या संचातच असतं. पायथन टाकलं की बहुतेक वेळा तेही आलंच. जुना लॅपटॉप चालतो, एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, 'पुढचा धडा उघडायचा तर प्रीमियम घ्या' नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: मुलाला थोडंफार टाइप करता येत असेल आणि त्याला लूप, म्हणजे तेच हुकूम पुन्हा पुन्हा करून घेणं, समजावायचं असेल, तर याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. वस्तू म्हणून मात्र ते ओबडधोबड आहे, काही बाबतीत चक्क छळवादी. दोन्ही बाजू लिहिते.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. पांढरी खिडकी उघडते, मधोमध एक छोटा बाण. 'फॉरवर्ड १००' म्हटलं की बाण मागे रेघ सोडत शंभर पावलं पुढे जातो. 'राइट ९०' म्हटलं की जागच्या जागी उजवीकडे वळतो. मुख्य हुकूम एवढेच. कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर फिरणारं, पेनने रेघ ओढणारं यंत्र-कासव आलं, आणि मग ते पडद्यावर उतरलं. आपल्याकडेही इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळांत कॉम्प्युटरच्या तासाला लोगो असायचं. आज तिशी-चाळिशीत असलेल्या काही पालकांना 'एफडी १००, आरटी ९०' आठवेल. पायथनमध्ये आत्ता जे टर्टल आहे ते ग्रेगोर लिंगल यांनी नव्याने लिहिलेलं, २००८ च्या पायथन २.६ पासूनचं.

आता मुद्द्याचं. बाजारातल्या बहुतेक कोर्समध्ये लूपचा पहिला धडा काय असतो? एक ते दहा आकडे छापा. नाहीतर सातचा पाढा छापा. मुलं छापतात. पण त्यात चूक झाली तर कुणाला कळतं? एक ते दहाऐवजी एक ते नऊच आले तरी पडद्यावर आकड्यांची एक रांग दिसते आणि मूल 'झालं, काकू' म्हणून वही मिटतं. कासवाच्या बाबतीत लूप चुकलं की चित्र चुकतं, आणि ते मागच्या रांगेतल्या पोरालाही दिसतं. मला काही बोलावंच लागत नाही.

मी पहिल्या दिवशी लूपचं नावही काढत नाही. चौरस काढायला सांगते: पुढे, वळ, पुढे, वळ, आठ ओळी. मुलं हौसेने लिहितात. मग षटकोन. बारा ओळी, थोडी कुरकुर. मग सांगते, आता छत्तीस बाजूंची काढा. तेव्हा वर्गात जो आवाज होतो ना, तो झाल्यावरच फळ्यावर 'फॉर आय इन रेंज (४)' लिहायचं, म्हणजे 'खालचं चार वेळा कर'. पुढे अपूर्णविराम, आणि खाली थोडं आत सरकवून दोनच ओळी. चाराच्या जागी सहा, नव्वदच्या जागी साठ. छत्तीस बाजूंसाठी ३६ आणि १०. ओळी तेवढ्याच. सकाळपासून टाइप करून बोटं दुखलेल्या मुलाला हे मनापासून पटतं. ज्याने आठ ओळी लिहिल्याच नाहीत त्याला लूपचं कौतुक कशाला वाटेल?

ते 'आत सरकवून' हीच पायथनची खरी गोम आहे, आणि टर्टल तिथेच सगळ्यात जास्त कामाला येतं. कुठल्या ओळी लूपच्या आत आणि कुठल्या बाहेर, हे पायथन फक्त डावीकडच्या मोकळ्या जागेवरून ठरवतं. पायथनसोबत येणारा आयडल हा एडिटर अपूर्णविरामानंतर एंटर दाबलं की आपणहून आत सरकतो. पण मुलं नीटनेटकं दिसावं म्हणून दुसरी ओळ बॅकस्पेसने मागे खेचतात. झालं, 'फॉरवर्ड' लूपच्या आत आणि 'राइट' बाहेर. चौरसाऐवजी चारशे पावलांची एक सरळ रेघ येते, आणि तिच्या टोकाला बाण खाली तोंड करून उभा. यात पायथन कुठलीही चूक दाखवत नाही, लाल अक्षरं नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच आहे. मी एवढंच विचारते, 'किती वेळा वळलं?' 'एकदाच.' 'कुठली ओळ वळवते?' इथपर्यंत आलं की मुलाचं बोट बरोबर त्या ओळीवर जातं. पाढा छापताना हीच चूक समजावणं मला कधी इतकं सोपं गेलं नव्हतं.

गणिताची शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जास्त मजा आली ती कोनांमध्ये. चौरस सगळ्यांचा बरोबर येतो, कारण तिथे आतला कोनही ९० आणि बाहेरचाही ९०. म्हणजे मुलाला काही समजलेलं नसतानाही चित्र बरोबर. खरी परीक्षा त्रिकोणाची. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे सातवीच्या मुलाला झोपेतही येतं, म्हणून तो तीन वेळा 'राइट ६०' लिहितो. पडद्यावर अर्धा षटकोन येतो! पंचकोनाला १०८ लिहिलं तर पाच रेघांचं एक विचित्र, उघडं जाळं येतं. त्याच लूपचा आकडा दहा केला तर त्यातून दहा टोकांची चांदणी मिटते. आणि षटकोनाला १२० लिहिलं तर त्रिकोण. फक्त त्रिकोण. कासव त्याच रेघांवरून दोनदा फिरतं, आणि ते हळू चालत असेल तर दुसरी फेरी डोळ्यांना दिसते. 'सहा वेळा फिरायला सांगितलं होतं, तर तीनच रेघा कशा?' हा प्रश्न मुलांनी आपापसात वाद घालून सोडवला. कासव आतल्या कोनातून वळत नाही, ते बाह्यकोनातून वळतं, आणि पूर्ण फेरी मारून आलं की बाह्यकोनांची बेरीज ३६०. पुस्तकातलं हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. या पोरांना ते लिहून द्यावं लागलं नाही.

मग चांदण्या. पाच वेळा, १४४ अंश. कासव मूळ जागी परत येईपर्यंत दोन पूर्ण फेऱ्या होतात, ७२० अंश. हे दाखवलं की मुलं वाटेल ते आकडे घालून बघायला लागतात, आणि ते घालू द्यावेत. १३५ घातलं तर आठ टोकं. १६० ला नऊ. १५० ला बारा. १०० ला अठरा. १७० ला छत्तीस, आणि ती चांदणी इतकी देखणी येते की पायथनच्या माहितीपानावरसुद्धा नमुना म्हणून तीच आहे, लाल रेघा आणि पिवळा रंग भरलेली. एका मुलीने हे सगळे आकडे वहीत ओळीने मांडले आणि नववीतल्या तिच्या दादाने ते बघून सांगितलं, की ३६० आणि तो कोन यांचा मसावि काढा, त्याने ३६० ला भागा, टोकं मिळतात. १४४ आणि ३६० चा मसावि ७२, म्हणून पाच. १७० चा १०, म्हणून छत्तीस. मसावि-लसावि हा धडा मुलांना कायम 'हे कुठे लागतं?' असं वाटायला लावतो. इथे रेंजच्या कंसात काय घालायचं ते कळायला लागतो, बस.

एक गंमत यातच सांगून ठेवते. टर्टलला 'सर्कल ५०' सांगितलं की वर्तुळ येतं, पण ते खरं वर्तुळ नसतं. आतमध्ये लूपच चालतं आणि सुसम बहुभुजाकृती काढली जाते. त्रिज्या ५० असेल तर २० बाजू, मोठं वर्तुळ असेल तर जास्तीत जास्त ६०. हे टर्टलच्या स्वतःच्या फाइलमध्ये उघडून वाचता येतं, कारण ती फाइलही पायथनमध्येच लिहिलेली आहे. दहावीच्या मुलांना मी ती ओळ दाखवली. विकतच्या ॲपमध्ये असं झाकण उघडून आत डोकावता येत नाही, हा मला मोठा फरक वाटतो.

लुपाच्या आत लूप हा पुढचा टप्पा, आणि तो शिकवायला आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी आयती आहे. आधी पाच बाय पाच. बाहेरचं लूप ओळींचं, आतलं लूप ठिपक्यांचं, पेन उचललेला, प्रत्येक जागी 'डॉट'. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ओळ संपल्यावर कासवाला परत डावीकडे आणायचं राहतं. मग दुसरी ओळ पहिलीच्या शेवटापासून पुढे सुरू होते, तिसरी दुसरीच्या, आणि पाच बाय पाचच्या चौकोनाऐवजी पडद्याबाहेर उतरत जाणारा जिना तयार होतो. ठिपके पंचवीसच असतात, म्हणजे मोजून पाहिलं तर लूप बरोबर! चित्र बघितल्याशिवाय ही चूक सापडणं अवघड.

मग 'सात ते चार'. ज्यांनी दारात रांगोळी काढली आहे त्यांना सांगायला नको: मधली ओळ सात ठिपक्यांची, वर-खाली सहा, पाच, चार, आणि प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७. आता ओळीगणिक ठिपके बदलतात, म्हणजे आतल्या लुपाचा आकडा बाहेरच्या लुपावर अवलंबून. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून, त्यामुळे सात ओळी म्हणजे ० ते ६. मधली ओळ ३. मग प्रत्येक ओळ ३ पासून किती लांब आहे ते बघायचं आणि सातातून तेवढं वजा करायचं: चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. शून्यापासून मोजणी कशाला, असं विचारणाऱ्या मुलांचं तोंड इथे आपोआप बंद होतं. दोन ठिपक्यांत ४० अंतर ठेवलं असेल तर दोन ओळींत साधारण ३५ ठेवा, नाहीतर षटकोन चेपलेला दिसतो. क्लासमधल्या मुलींनी या ३७ ठिपक्यांवर काढलेली कमळं मोबाइलवर फोटो काढून आयांना दाखवली. एका आईचा निरोप आला, 'काकू, कोडिंग शिकवताय की रांगोळी?' दोन्ही, असं उत्तर दिलं.

आणि हे मी बळेच जोडत नाहीये. पायथनबरोबर टर्टलचे तयार नमुने येतात, 'टर्टलडेमो' नावाने. घड्याळ, झाड, हनोईचे मनोरे, सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी आणि चंद्र, असं बरंच काही. त्यातला 'लिंडनमायर' नावाचा नमुना तामिळनाडूतल्या कोलमचा, म्हणजे तिथल्या रांगोळीचा आहे. त्यातल्या एका आकृतीत नागाची वेटोळी, दुसरीचं नाव कृष्णाचे वाळे. छोटा नियम पुन्हा पुन्हा लावत एकच न तुटणारी रेघ वळत राहते. हा नमुना तेवढ्यासाठी तरी चालवून बघा, हातातलं काम बाजूला ठेवून.

'व्हाइल' या दुसऱ्या प्रकारच्या लूपवर फार लिहीत नाही, ते टर्टलमध्ये बरं शिकवता येतं इतकंच. 'किती वेळा' ते ठाऊक नाही, 'कुठपर्यंत' ते ठाऊक आहे, अशा वेळी व्हाइल. कासव सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत फिरवायचं. फक्त 'जागा बरोबर शून्य आहे का' असं विचारू नका. साइन-कोसाइनच्या दशांशांत बारीक चूक राहते, कासव शून्याच्या अगदी जवळ येतं पण नेमकं शून्यावर येईलच असं नाही, आणि मग ते बसतं फिरत. अंतर एकापेक्षा कमी झालं का, असं विचारायचं. पायथनच्या माहितीपानावर ते तसंच दिलंय.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

नाव टर्टल, पण खिडकीत कासव नसतंच! मुळात येतो तो एक बारीक बाण. कासव हवं तर आधी 'शेप' बदलावा लागतो. सातवीतल्या मुलांची पहिल्याच मिनिटाला निराशा करायची याहून चांगली सोय नसेल. वेगाचंही विचित्र. १ म्हणजे सगळ्यात सावकाश, १० म्हणजे वेगात, आणि ० म्हणजे? थांबलेलं नव्हे, सगळ्यात वेगवान. तिथे चालताना दिसतच नाही, रेघ एकदम उमटते. आपोआप मिळतो तो वेग ३. पहिल्या चौरसाला तो छान, लूपची प्रत्येक फेरी डोळ्यांनी मोजता येते. पण छत्तीस चौरसांचं फूल काढायला घेतलं, म्हणजे १४४ रेघा, की वर्गाला जांभया. त्यासाठी 'ट्रेसर', म्हणजे चालताना दाखवणं, बंद करून शेवटी 'अपडेट' म्हणायची, म्हणजे चित्र एकदम उमटवायची युक्ती आहे, पण ती कुणीतरी सांगावी लागते.

फाइलचं नाव. मुलं साहजिकच आपल्या पहिल्या फाइलला 'टर्टल' असंच नाव देतात. मग पायथन खरं टर्टल आणण्याऐवजी त्याच फाइलला उचलून आणतं आणि 'फॉरवर्ड असं काही नाही' अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी तक्रार करतं. कोडमध्ये एक अक्षर चुकलेलं नसतं. पालकांनो, घरी हे झालं तर कोड तपासू नका, फाइलचं नाव बदला. माझ्याकडे आता नियमच आहे, पहिल्या फाइलचं नाव 'चौरस'.

चित्र काढून झालं की खिडकी आपोआप नाहीशी होते, हीदेखील नेहमीची कटकट. आयडलमधून चालवलं तर राहते, पण फाइलवर डबल-क्लिक केलं तर चित्र पूर्ण होताक्षणी सगळं गुल. शेवटी 'डन' लिहायचं. आणि न संपणारं लूप चालू असताना कुणी खिडकीच्या फुलीवर टिचकी मारली तर 'टर्मिनेटर' नावाची चूक येते. मुलं हसतात, ठीक आहे, पण मशीन बिघडलं असं समजून घाबरणारीही असतात. त्याने काही बिघडत नाही.

भाषेचं म्हणाल तर मराठी माध्यमाच्या मुलांसाठी अर्धा रस्ता मोकळा आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (किंमत साठवायची जागा) किंवा फंक्शनचं (हुकमांचा गठ्ठा) नाव देवनागरीत ठेवता येतं: 'बाजू', 'कोन', 'चांदणी'. इतकंच काय, 'पुढे' या नावाला 'फॉरवर्ड' चिकटवून टाकलं तर 'पुढे' म्हटल्यावर कासव चालतं. मुलांना हे फार आवडतं. पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडे चालत नाहीत, 'फॉर' आणि 'व्हाइल' हे शब्द बदलत नाहीत, आणि चुकांचे निरोप तर सगळे इंग्रजीच. सेमीच्या मुलांचं निभावतं. मराठी माध्यमाच्या मुलासोबत सुरुवातीला कुणीतरी बसायला हवं.

मोबाइलवर शिकवायचा विचार असेल तर टर्टलच्या नादी लागू नका. हे लॅपटॉपचं काम. गूगल कोलॅबवरही (ब्राउझरमध्ये पायथन चालवायची गूगलची सोय) नेहमीचं टर्टल चालत नाही, कारण त्याला चित्रासाठी खरी खिडकी उघडावी लागते आणि कोलॅबचं यंत्र दूर कुठेतरी असतं.

'स्क्रॅच का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. स्क्रॅच ही मुलांसाठीची कोडिंगची दुसरी भाषा, आणि ती मला आवडते. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं, २००७ पासूनचं, तेही फुकट, आणि पाचवी-सहावीच्या मुलांना मी तेच सुचवते. ठोकळे जोडायचे, टाइप करायला नको, 'फॉरेव्हर'च्या ठोकळ्याला खाली खाचच नाही, त्यामुळे न संपणाऱ्या लुपाच्या खाली काही जोडताच येत नाही. ही अक्कल टर्टलला नाही. शिवाय 'रिपीट'च्या ठोकळ्यात आधीच १० असतं आणि वळायच्या ठोकळ्यात १५, त्यामुळे मूल नुसतं दोन्ही जोडतं तेव्हा स्क्रॅचच्या पडद्यावरचं मांजर १५० अंशांवरच अडकतं. मग 'पूर्ण फिरायला किती लागतील?' हा प्रश्न समोर येतो आणि चोवीस हे उत्तरही. उत्तम. पण रेघ ओढायची तर पेनचं एक्स्टेन्शन वेगळं जोडावं लागतं, आणि 'आता कितवी फेरी चालू आहे' हे 'रिपीट' सांगत नाही, त्यासाठी व्हेरिएबल हाताने वाढवावं लागतं. 'सात ते चार'सारखी रांगोळी तिथेही होते, पण ठोकळ्यांचा पसारा पडद्यावर मावत नाही. आत-बाहेरची चूकही तिथे फारशी होत नाही, कारण ठोकळा तोंडात बसतो तरी किंवा बसत नाही. मुलांना पुढे पायथनच करायचं आहे. सीबीएसईला अकरावीत कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांना तेच आहे. तर ही चूक आठवीतच होऊन जाऊ दे की, चित्र समोर असताना.

एक इशारा मात्र. टर्टलवर जास्त रमू नका. मुलं चांदण्यांतच अडकतात, रंग बदलत बसतात, आणि लूप म्हणजे चित्रच असं त्यांच्या डोक्यात बसतं. मी चित्रं जमली की त्याच लुपात बेरीज करायला लावते: एक ते शंभरची बेरीज, मग वर्गातल्या मार्कांची सरासरी, मग लाइटबिलातले स्लॅब. तिथे चित्र नाही. काही मुलं तिथे अडतात, तेव्हा त्यांना सांगते, प्रत्येक फेरीत बेरीज किती झाली ते छाप आणि कासव चाललंय असं समजून बघ. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर सुटतं, सगळ्यांचं नाही.

पाचपैकी चार तारे. सातवीच्या पुढच्या मुलांसाठी, आणि सोबत थोडं गणित जाणणारं माणूस असेल तर साडेचार. मूल एकटंच बसून शिकेल अशी अपेक्षा असेल तर तीन, कारण मदतीची पानं मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. पाचवीच्या खालच्यांसाठी मी तारे देत नाही, स्क्रॅच घ्या.

इन्स्टॉल करताना दोन गोष्टी बघा. विंडोजवर पायथनच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, आणि कस्टम इन्स्टॉलमध्ये गेलात तर 'टीसीएल/टीके आणि आयडल' समोरची टिक काढू नका. ती काढली तर टर्टलची खिडकीच उघडत नाही. विंडोजऐवजी उबुंटू असेल तर 'पायथन३-टीके' नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, ते क्लासच्या आदल्या दिवशीच टाकून ठेवा, कारण तेवढ्यापुरतं इंटरनेट लागतं.